खड्ड्यात गेलं नेटवर्क!

तुमच्या टीममध्येही असा एक जण असेलच. मीटिंग कुठलीही असो, याचा कॅमेरा बंद. माइक म्यूटवर. बोलायची वेळ आली की आधी दोन सेकंद शांतता, मग घाईघाईत दोन-चार कामाची वाक्यं आणि पुन्हा म्यूट. बाकीच्यांना वाटतं, साहेब पांघरुणातूनच लॉगिन झालेत!

माझा मामेभाऊ हा तो माणूस आहे. त्याने कॅमेरा सुरू केला तर मागे काय दिसेल, ते मी स्वतः बघून आलेय. सोयाबीनचे बावीस कट्टे. एकावर एक, पार छतापर्यंत. त्यांच्या शेजारी इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर राउटर आणि राउटरवर आजीने घातलेलं तोरण. (‘धूळ बसते ना बापा त्याच्यावर,’ असं तिचं म्हणणं. तोरणाने धूळ कशी अडते, हे मी विचारलं नाही.)

मुक्काम पोस्ट मेहकर, जिल्हा बुलढाणा. दादाच्या कंपनीचं ऑफिस पुण्यात, त्याचा मॅनेजर बंगलोरला आणि क्लायंट अमेरिकेत. दादा मात्र २०२० पासून पैनगंगेच्या काठच्या या गावात, स्वतःच्या घरी. लॉकडाऊनमध्ये ‘पंधरा दिवसांसाठी’ म्हणून दोन टी-शर्ट घेऊन आला होता. तो राहिलाच!

मेहकर माझं आजोळ. पण खरं सांगायचं तर नोकरी लागल्यावर, आणि नंतर ती सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यावर, जाणं होतच नव्हतं. पुण्याहून साधारण चारशे किलोमीटर. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्समध्ये चढायचं, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा करत पहाटे उतरायचं. जिजाऊंचं जन्मगाव असलेलं सिंदखेडराजा मी आजवर फक्त झोपेतच पार केलंय, याची लाज वाटते. हल्ली झोपही नीट लागत नाही म्हणा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ स्लीपर बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. तेव्हापासून मामीचा फोन ठरलेला. ‘तायडे, मागची काच फोडायचा हातोडा कुठी हाय ते पाहून घे अगोदर.’ मी बघते. दर वेळी.

तर डिसेंबर २०२४ मध्ये सुट्टी काढून गेले. सुट्टी म्हणजे काय, फ्रीलान्सरला सुट्टी कसली! लॅपटॉप बरोबर होताच. म्हटलं, दादासारखं आपणही चार दिवस करून बघू. गावात राहायचं, शहराचा पगार घ्यायचा, दुपारी मामीच्या हातची ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची आमटी. याहून भारी पॅकेज कुठल्या कंपनीत मिळतं?

पहिल्याच सकाळी फंडा क्लिअर झाला. साडेनऊला लाइट गेली. दादा जागचा हलला नाही. इन्व्हर्टर पिपाणीसारखा ओरडला, चालू झाला. दहा मिनिटांनी ब्रॉडबँडही गेलं, कारण ज्या केबलवाल्याचं कनेक्शन आहे त्याच्याकडचीही लाइट गेली होती. दादाने शांतपणे मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. ते कमी पडलं तेव्हा खिशातून दुसरा मोबाइल काढला. दुसऱ्या कंपनीचं सिम. हे सगळं करताना त्याचं इंग्रजी एका शब्दानेही अडखळलं नाही. बंगलोरला बसलेल्या कुणालाही कळलं नसेल की ते दोन सेकंदांचे पॉज कसले होते!

तेवढ्यात दारातून मामा. ‘बापू, भाव काय हाय रे आज?’

म्यूट. ‘चार हजार वीस, बाबा.’ अनम्यूट. मीटिंग पुढे सुरू.

हे दिवसातून तीनदा होतं. बाजार समितीच्या भावांचे व्हॉट्सअॅप ग्रुप दादाच्या फोनवर आहेत, कारण मामांना त्या फोनवरचं बारीक दिसत नाही आणि ग्रुपवरच्या निम्म्या मेसेजवर त्यांचा विश्वासही नाही. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात चार हजारांच्या आसपासच फिरत होतं. ऑक्टोबरात काढलेला माल मामांनी विकलाच नाही. कट्टे खोलीत रचले आणि वाट बघत बसले. म्हणजे एकाच खोलीत एक जण मिलिसेकंद वाचवतोय आणि दुसरा महिनोन्महिने थांबलाय! (दादाचं कामच ते. वेबसाइट उघडायला लागणारा वेळ कमी करायचा. तीनशे मिलिसेकंदांवरून दोनशेवर आणलं तर टीममध्ये पार्टी असते म्हणे. मी विचारलं, माणसाला तो फरक कळतो का? म्हणाला, ‘कळत नाही. पण तो थांबत नाही, निघून जातो.’)

मामीचं टेन्शन वेगळंच. दादा आता तिशी पार. ‘पोरीवाले इचारतेत, पोरगा काय करते? म्या सांगतो सॉफ्टवेअरमधी हाय. खुश होतेत. मंग इचारतेत, कुठी? म्या म्हणतो, इथंच, घरी. की फोन बंद!’ पगार पुण्याचा असला तरी पत्ता मेहकरचा चालत नाही. पुण्यात भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहणारा, निम्मा पगार भाड्यात आणि ट्रॅफिकमध्ये घालवणारा मुलगा चालतो. स्वतःच्या घरात, आईबापांजवळ राहणारा चालत नाही. मामी हसत हसत सांगत होती, पण भाकरी थापताना तिचा हात जरा जोरातच पडत होता.

शनिवारी मी जाहीर केलं, आपण लोणारला जायचं. मेहकरहून गाडीने पाऊण तासही लागत नाही. आणि तेव्हा दादाने एक धक्कादायक कबुली दिली. २०२० पासून तो लोणारला दहा-बारा वेळा तरी गेलाय, पुण्या-मुंबईच्या मित्रांना दाखवायला. पण खाली, तळ्यापर्यंत, एकदाही उतरलेला नाही!

‘का?’

‘खाली रेंज जाते गं.’

तुम्ही ऑन-कॉल ड्युटी केली असेल तर हसू नका. सर्व्हर कधी झोपेल सांगता येत नाही. फोन वाजला की पंधरा मिनिटांत लॅपटॉप उघडायचा असा नियम. घरून काम करणाऱ्यावर संशय आधीच जास्त, त्यात फोन लागला नाही तर संपलंच. म्हणून हा माणूस कायम काठावर. मित्र खाली उतरायचे, हा वर फोन धरून उभा!

लोणारशी माझंही एक जुनं खातं आहे. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं, आठवतंय? तेव्हा मी मास कॉमच्या शेवटच्या सेमिस्टरला होते, पुण्यातल्या खोलीत अडकलेली. फोनवर दोघांशी बोलून, एक प्रेस नोट समोर ठेवून बातमी लिहिली. बायलाइन मिळाली. ज्या जागेपासून माझं आजोळ हाकेच्या अंतरावर, त्या जागेबद्दल मी न बघता लिहिलं आणि नाव छापून आल्यावर आईला स्क्रीनशॉटही पाठवला. दादाला तेव्हा टीममधले विचारत होते, हा फिल्टर आहे की खरं? खरं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा कळलं, खारट पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. पाणी आटून खारटपणा वाढला तसे ते फोफावले आणि त्यांच्या गुलाबी रंगद्रव्याने अख्खं तळं रंगलं. पाऊस आला आणि रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. पण ती बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही. रंग नव्हता ना तिला!

या वेळी दादाने एका सहकाऱ्याबरोबर ड्युटी बदलून घेतली. त्याबदल्यात ३१ डिसेंबरची रात्र त्याच्या गळ्यात पडली. म्हणजे बघा, तळ्यात उतरायची किंमत काय!

काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा काही सुचतच नाही. जवळजवळ एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटर व्यासाची वाटी. कड्यापासून तळापर्यंत साधारण १३७ मीटर. मध्ये हिरवट पाणी, भोवती झाडीचं कडं. ‘आइन-ए-अकबरी’त या जागेची नोंद आहे, इथल्या क्षारांपासून काच आणि साबण बनायचा म्हणून. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती साहेबाच्या कागदावर आणली. गावाने तर लवणासुराची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून सांगितलेली. विष्णूने मारलेला राक्षस आणि त्याच्या बिळाचा हा खड्डा. गावातलं चालुक्यकालीन दैत्यसूदनाचं देऊळ त्याच गोष्टीचं. ज्वालामुखी की उल्का, यावर शास्त्रज्ञ मात्र दीडशे वर्षं भांडत होते. १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनाने उल्केच्या बाजूने जोरदार कौल दिला. प्रचंड धक्क्याशिवाय बनूच शकत नाही अशी काच इथल्या खडकात सापडली होती. बेसॉल्टमध्ये झालेली अशी विवरं जगात मोजकीच. चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे म्हणून इथे येतात.

वय किती? एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आर्गॉन वापरून केलेल्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार!

‘दहापटीहून जास्त फरक?’ दादा उडालाच. ‘आमच्याकडे एवढ्यावर रिलीज थांबवली असती!’

उतरायला लागलो. सुरुवातीला फोनवर तीन दांड्या होत्या. वळणावर दोन. मग एक, मग नुसता फुलीचा भोपळा. दादा दर दहा पावलांनी खिसा चाचपत होता. मी काही बोलले नाही, कारण माझाही हात तिथेच जात होता! माकडं एका फांदीवरून आमच्याकडे बघत होती. कुठेतरी मोर ओरडला. झाडीत एक पडकं देऊळ, मग आणखी एक, कुणी पुजारी नाही, पाटी नाही. पाण्याजवळ पोचलो तेव्हा पहिल्यांदा नाकाला कळलं. सडलेल्या अंड्यासारखा तो वास फोटोत येत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

एक कुटुंब आलेलं होतं. त्यातल्या काकूंनी पर्समधून हळदीची पुडी काढली, तळहातावर चिमूटभर घेतली आणि मुलांना म्हणाल्या, ‘पाहा आता.’ वर तळ्याचं पाणी टाकलं. हळद कुंकवासारखी लाल! पाणी अतिशय अल्कधर्मी, त्यामुळे असं होतं. मुलं ओरडली. खरं सांगते, आम्ही दोघंही ओरडलो. काकूंनी आमच्याही हातावर चिमूट-चिमूट ठेवली.

मग बराच वेळ एका दगडावर बसून राहिलो. काय करायचं ते कळेना. फोटो काढून झाले होते, ते कुणाला पाठवता येत नव्हते. गप्पाही अडत होत्या, कारण बोलता बोलता ‘थांब, तुला दाखवते’ म्हणून फोन काढायची सवय. अर्ध्या तासाने दादा म्हणाला, ‘मला मेल आलाय. जानेवारीपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला. पुण्यात.’

‘मामांना सांगितलंस?’

‘नाही.’

‘मामीला?’

‘तिला सांगितलं तर ती लगेच मुली बघायला लागेल,’ असं म्हणून तो हसला. मग गप्प झाला. लाल झालेला तळहात पँटला पुसत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘मागच्या पावसाळ्यात बाबा रात्री पाणी द्यायला गेले होते. आठवड्याला शेताची लाइट रात्रीची असते ना. बांधावर घसरले. मी इथे होतो म्हणून दहा मिनिटांत पोचलो. पुण्यात असतो तर नुसता फोन आला असता.’

यावर काय बोलणार? पाच वर्षांपूर्वी याच कंपन्या सांगत होत्या, कुठूनही काम करा, फक्त इंटरनेट पाहिजे. याने इंटरनेट आणलं. दोन सिम, इन्व्हर्टर, केबलवाल्याची मनधरणी, सगळं स्वतःच्या खिशातून. एकही डेडलाइन चुकवली नाही. आता म्हणे ‘टीम बाँडिंग’साठी समोर बसायचं. आणि समोर बसून करायचं काय, तर हेडफोन लावून बंगलोरशी व्हिडिओ कॉल! मला राग आला होता. दादाला नव्हता. तो हिशेब करत होता, तोंडाने. तीन दिवस पुणे, दोन रात्री ट्रॅव्हल्समध्ये, उरलेले दिवस घरी. महिन्याला इतका खर्च. वर्षभर निभेल. मग बघू.

चढताना दोघांनाही दम लागला. अर्ध्या वाटेवर त्याच्या खिशात एकदम भुंगा सोडल्यासारखं झालं. रेंज आली होती. सव्वीस मेसेज. तो पायरीवरच बसला. सर्व्हर जागेवर होता, टीमच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक, मॅनेजरचा एक प्रश्न. हे सगळं वर सरकवत सरकवत तो मामांच्या मेसेजवर थांबला. शेजाऱ्याच्या पोराकडून टाइप करून घेतलेला असणार, कारण मामा टाइप करत नाहीत.

‘आज ४०५० झाला म्हणते. इकू का थांबू?’

दादाने ग्रुप उघडला, भाव तपासला. मग मॅनेजरला उत्तर न देता मामांना फोन लावला.