जमेची बाजू

क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्वांची क्षमा मागतो. शेजाऱ्यांची, गिऱ्हाइकांची, वर्षभरात ज्यांची गाठही पडली नाही अशांचीही. मात्र ज्या माणसाचे आपण खरोखर काही देणे लागतो, त्याच्यासमोर हात जोडताना शब्द ओठांवर येत नाहीत. माझ्या बाबतीत ते यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

सन 1980. एम.कॉम. होऊन मी नुकताच बँकेत लागलो होतो. सोनपेठेत आमचे आडतीचे दुकान होते. धाकटा भाऊ अठरा वर्षांचा होता. दशलक्षण पर्वात तो मंदिरात पूजा म्हणू लागला की बायका दारातच थांबत आणि म्हातारी माणसे डोळे मिटून घेत. परभणीच्या एका जाणकार गवयांनी त्याला ऐकले आणि वडिलांना सांगितले, "पाच वर्षे पुण्यात चांगल्या गुरूंकडे ठेवा. गळा देवाने दिला आहे, तालीम तुम्ही द्या."

वडिलांनी निर्णय माझ्यावर सोपवला, कारण घरात शिकलेला मीच. मी कागद घेतला आणि मधोमध रेघ ओढली. नावे बाजूला खोलीचे भाडे, खाणावळ, गुरुदक्षिणा, तंबोरा आणि दुकानात त्याच्या जागी ठेवावा लागणारा माणूस. जमेची बाजू कोरी. कागद वडिलांपुढे ठेवून मी म्हणालो, "हे बसत नाही." भाऊ तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानाच्या किल्ल्या घेतल्या, त्या आजवर त्याच्याच कमरेला आहेत.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आणि संगीत रंगभूमीचा इतिहास हाती आला. त्यात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या आरंभीच्या वर्षांपाशी मी अडखळलो. त्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. माझे लक्ष गेले ते कीर्तीच्या आधीच्या काळाकडे. त्यांचा जन्म 1888 चा. गळा गोड, पण घरची स्थिती बेताची आणि कानाचे दुखणे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्या मुलाच्या कानावर मिरजेत उपचार करवले. भाऊराव कोल्हटकर 1901 साली निवर्तल्यापासून किर्लोस्कर मंडळी तशाच ताकदीच्या गायक नटाच्या शोधात होती. 1905 साली नारायणराव त्या मंडळीत दाखल झाले आणि मिरजेतच शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले.

युरोपात ऑपेराचे तरुण गायक शिक्षण संपवून एखाद्या नाट्यगृहाच्या पदरी राहतात. लहान भूमिका करतात, वेतन घेतात आणि शिकत राहतात. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली सुरू केलेल्या संगीत नाटकाच्या परंपरेत हीच सोय उभी राहिली होती. मंडळी म्हणजे एक बिऱ्हाडच. राहणे, जेवण, पगार आणि शिक्षण एकाच छपराखाली. नारायणरावांना अभिनयाचे धडे गोविंद बल्लाळ देवलांनी दिले, तर रागदारीची तालीम भास्करबुवा बखल्यांनी. 'मानापमान' रंगभूमीवर आले ते 12 मार्च 1911 रोजी. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली, तरीही भामिनीची भूमिका त्यांनी केली. 1913 साली त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे पहिल्या पदार्पणापासून स्वतःच्या संस्थेपर्यंत आठ वर्षे गेली.

हे वाचताना माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. कारखान्याला कर्ज देताना आम्ही उत्पादन सुरू होईपर्यंत हप्ते मागत नसू. विहीर खणणाऱ्याला पाणी लागेपर्यंत मुदत देत असू. पहिल्या वर्षी जमेची बाजू कोरी असणारच, हे आमच्या नियमांतच लिहिलेले होते. यंत्राला दिलेली ही सवलत मी सख्ख्या भावाच्या गळ्याला दिली नाही.

बालगंधर्वांचे उत्तरायुष्य कर्जाने ग्रासलेले होते, हेही मी विसरत नाही. मखमली पडदे, भारी शालू, उंची अत्तरे यांवर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. व्यापारी घराने तो कित्ता गिरवू नये. पण खर्चाला शिस्त लावणे वेगळे आणि आरंभच नाकारणे वेगळे. मी सावधपणाच्या नावाखाली दुसरे केले.

आदिपुराणात आचार्य जिनसेन सांगतात की भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले आणि वृषभसेनाला गंधर्वशास्त्र. एकाच पित्याने, एकाच घरात. अंक आणि गाणे ही भावंडे आहेत, हे आपल्या ग्रंथांत शतकानुशतके लिहून ठेवले आहे. अंक शिकलेल्या भावाने गाणाऱ्या भावाला अडवावे, असे त्यात कुठेही नाही.

गेल्या दशलक्षण पर्वात भावाची नात मंदिरात गायली. तोच गळा. बारावीनंतर पुण्याला गाणे शिकायचे, असे तिने घरात सांगितले होते आणि तिच्या वडिलांनी माझे मत विचारले होते. मी उत्तर दिले नाही. क्षमावाणीच्या दिवशी दुकानात गेलो. भाऊ गादीवर बसून वही लिहीत होता. मी हात जोडले आणि 1980 च्या त्या कागदाचे नाव घेऊन क्षमा मागितली.

त्याने लेखणी खाली ठेवली. बराच वेळ तो रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, राग नव्हता कधी. हिशेब तुमचा बरोबरच होता. पण एकदा मला विचारायला पाहिजे होतं."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

त्या रात्री मी पुन्हा कागद घेतला. या वेळी नातीला शेजारी बसवले आणि प्रत्येक रकमेआधी तिला विचारले. पाच वर्षांचा खर्च माझ्या मुदत ठेवींच्या व्याजातून होईल आणि सोबत तिने पदवीही पूर्ण करावी, असे दोघांनी मिळून ठरवले. यंदा जूनमध्ये ती पुण्याला गेली. ती मोठी गायिका होईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. कागदाची जमेची बाजू याही वेळी कोरी आहे. फरक इतकाच की ती कोरी ठेवून मी खाली सही केली आहे.