टपावरच्या तंबूचा हिवाळा

वस्तू वापरण्याची हौस बहुतेकांना असते. ती नीट ठेवण्याची हौस मात्र थोड्यांनाच असते. नव्या वस्तूचे घरात कौतुक होते, पाहुण्यांना ती दाखवली जाते, आणि हंगाम सरला की तीच वस्तू एखाद्या कोपऱ्यात ढकलली जाते. वास्तविक कितीतरी वस्तू वापराने झिजण्याआधी चुकीच्या ठेवणीनेच वाया जातात. आपल्याकडील जुन्या गृहिणींना हे पक्के ठाऊक होते. म्हणून मृगाचा पाऊस येण्यापूर्वी गाद्या, गोधड्या आणि वर्षाचे धान्य यांना कडक ऊन दाखवल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात ही निरवानिरव पावसाळ्याआधी नव्हे, तर हिवाळ्याआधी करावी लागते.

मिनीॲपोलिसच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने मोटारीच्या टपावर बसवायचा तंबू घेतला होता. ही कल्पना तशी जुनी आहे. इटलीत असे तंबू विसाव्या शतकाच्या मध्यापासून बनत आले आहेत, आणि पूर्व जर्मनीत तर ट्राबांटसारख्या चिमुकल्या गाडीवरही लोकांनी ते चढवले. गाडी उभी करावी, तंबू उलगडावा, शिडी लावावी, की जमिनीपासून उंचावर गादीसह निजण्याची सोय होते. त्या वर्षी सांगली जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणत, जुलैमध्ये सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर, गूसबेरी धबधब्याजवळ, त्या तंबूत एक रात्र निजले होते. सत्तरी ओलांडलेल्या अण्णांना शिडी चढताना मुलगा आणि नऊ वर्षांची नात यांनी दोन्ही बाजूंनी धरले होते. तेव्हापासून नातीच्या लेखी तो तंबू ‘आजोबांचा’ झाला.

ऑक्टोबरच्या मध्यास कुटुंब हंगामातील शेवटच्या सहलीहून शनिवारी दुपारी परतले. पहाटे कापडावर दव होते आणि आतून श्वासाची वाफ साचली होती. निघण्याच्या घाईत तंबू तसाच मिटावा लागला होता. पुढील आठवड्यात बर्फाचा अंदाज होता. त्या प्रदेशात असा अंदाज कोणी हसण्यावारी नेत नाही. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या हिमवादळाने त्या शहरावर अठ्ठावीस इंचांहून अधिक बर्फ टाकला होता. मुलगा कामाच्या व्यापाने थकलेला होता. वरून एक ताडपत्री घट्ट बांधावी आणि पुढचे वसंतात पाहावे, असा त्याचा बेत होता.

अण्णांनी दोन बोटे कापडाच्या घडीत घालून पाहिली. “अरे, आत ओल आहे. हा असा मिटून ठेवू नकोस.”

“अण्णा, थंडीत काही होत नाही त्याला. आणि हे आपलं कापडाचं दुकान नाही.”

अण्णा काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे त्यांनी कापडाची पेढी चालवली होती; त्याच पेढीवर मुलाचे शिक्षण झाले होते. आपण काय बोलून गेलो हे मुलाच्याही लक्षात आले, पण शब्द परत घेण्याची रीत त्या घरातील पुरुषांना फारशी साधलेली नव्हती. तो मुकाट्याने बाहेर गेला आणि त्याने तंबूचे पट्टे सोडले.

अण्णांचे म्हणणे खरेच होते. कडाक्याच्या थंडीत बुरशीची वाढ थांबते, पण बुरशी मरत नाही. ओले कापड एक-दोन दिवसांत वाळले नाही, तर बुरशीला तेवढा अवधी पुरतो. शिवाय शिशिर सरताना ऊब आली की दबलेली ओल पुन्हा तिच्या कामी येते. प्रवासासाठी असलेले प्लास्टिकचे आवरण पाऊस बाहेर ठेवते, तसेच आतील दमटपणाही आतच कोंडते. वरून आणखी ताडपत्री बांधली, तर ओलीला बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्यातच नातीला दम्याचा त्रास होता. बुरशीने दमा उसळतो हे डॉक्टरांनी आई-वडिलांना समजावून सांगितले होते. तेव्हा प्रश्न केवळ काही हजार डॉलरच्या वस्तूचा नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात ती मुलगी कोणत्या हवेत निजणार याचा होता.

शनिवारची उरलेली दुपार आणि रविवारचा पूर्ण दिवस तंबू अंगणात उघडा राहिला. साऱ्या खिडक्या मोकळ्या केल्या गेल्या. उत्तरेकडील ऑक्टोबरचे ऊन दुबळे असते, म्हणून आत एक पंखा लावला. गादी काढून तळघरात, हवा कोरडी करणाऱ्या यंत्राजवळ उभी केली. गादीखालच्या फळीवर ओल सर्वांत जास्त साचते. कापडावरील चिखल आणि पक्ष्यांचे डाग कोमट पाण्याने, सौम्य साबणाने आणि मऊ ब्रशने काढले. कपड्यांची पावडर अण्णांनी वापरू दिली नाही, कारण तिने पाणी अडवणारा लेप जातो. चेनच्या दातांतील वाळू झटकून त्यांवर मेणबत्ती फिरवली. वाळले की नाही हे अण्णा तळहाताने नव्हे, तर हाताच्या पालथ्या बाजूने पाहत, आणि तेही मधल्या पसरट कापडावर नव्हे, तर शिवणींवर. “कापड आधी वाळतं, शिवण सगळ्यात शेवटी,” ते म्हणाले. मुलगाही त्यांच्या शेजारी उभा राहून पालथ्या हाताने शिवणी चाचपू लागला.

रविवारी संध्याकाळी तंबू उतरवला. सुमारे साठ किलोंचे हे ओझे एकट्याने उतरवण्याचे साहस कोणी करू नये. दोन शेजारी मदतीला आले. हिवाळ्यात तो टपावरच राहिला असता, तर बर्फाचा भार, रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ आणि विनाकारण जळणारे इंधन, असा तिहेरी तोटा झाला असता. नटबोल्ट पुसून, तेलाचे बोट लावून एका पिशवीत घातले आणि ती पिशवी तंबूच्या चौकटीलाच बांधली.

गॅरेजच्या काँक्रीटवर तंबू थेट ठेवला नाही. फरशीतून ओल वर चढते. अण्णांच्या गोदामात कापडाचे गठ्ठे नेहमी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर असत. तशाच लाकडी फळ्या येथे मांडल्या. तंबू सैल घडी करून त्यांवर आडवा ठेवला, पट्टे आवळले नाहीत, आणि वरून प्लास्टिकऐवजी जुनी सोलापुरी चादर टाकली. गादी घरातच राहिली. चार-पाच महिने दाबून ठेवलेला फोम पुन्हा नीट फुगत नाही.

राहता राहिले उंदीर. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून ते शिरतात, आणि थंडीत मऊ, कोरडे कापड त्यांना आयते घर वाटते. विषाच्या गोळ्या ठेवणे त्या घरात कोणालाच रुचणारे नव्हते. म्हणून नातीने विजेरी घेऊन गॅरेजच्या कडेची भोके शोधली आणि वडिलांनी ती लोखंडी काथ्याने व सीलंटने बुजवली. प्राण्याला मारण्यापेक्षा त्याची वाट बंद करणे हे अधिक कष्टाचे, पण अधिक टिकाऊ काम ठरले.

नोव्हेंबरमध्ये अण्णा परतले. निघण्यापूर्वी त्यांनी हा सारा क्रम नातीच्या वहीत आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवला. शनिवारच्या त्या वाक्याविषयी दोघेही कधी बोलले नाहीत, पण विमानतळावर निघण्याआधी मुलगा त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेला, चादर उचलून दाखवली आणि म्हणाला, “अण्णा, तुम्ही एकदा बघून घ्या.” त्यांनी शिवणीवर पालथा हात ठेवला आणि मान डोलावली.

थंडीचा आपण उगाच धसका घेतो. वस्तू असो वा मनातील सल, बाहेरच्या हिवाळ्यापेक्षा आत कोंडलेली ओलच अधिक नासाडी करते. मिटण्यापूर्वी दोन दिवस उघडे ठेवण्याची सवड तेवढी काढावी लागते.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर तंबू उघडला, तेव्हा सांगलीत रात्र झाली होती. अण्णा जागेच होते. त्यांनी फोनवर रंग, चेन, शिडी, कशाचीच चौकशी केली नाही.

“वास कसला येतोय?” एवढेच विचारले.

“नुसता कापडाचा, आजोबा,” नात म्हणाली.