घरी न्या

"घरी न्या," डॉक्टर केसपेपरवर लिहितलिहिता म्हणाला.

बहिणीनं विचारलं, "म्हंजी बरी झाली का, सायेब?"

१९९३ साल. मराठवाड्यातलं एक सरकारी हॉस्पिटल. भाची सात वर्षांची, रक्ताचा कॅन्सर.

घर म्हणजे काय? दहा बाय दहाची खोली. वर पत्रे, आत सहा माणसं, नळ गल्लीच्या तोंडाला. "मामा, हाडं दुखायलीत," म्हणून पोर रात्रभर कण्हायची. आमच्याकडं तापाच्या गोळ्या होत्या फक्त. अकरा रात्री अख्खी गल्ली जागी. बाराव्या दिवशी पहाटे आवाज थांबला. बहीण हळूच म्हणाली, "निजली गं माझी बाय." आम्हाला कळलं होतं. तिला कळायचं होतं.

मी तेव्हा नामांतराची निवेदनं लिहीत होतो. पोरीच्या दुखण्याचं निवेदन कुणाला द्यावं, सुचलंच नाही.

पुढं कळलं ते असं. रोगावर इलाज संपला तरी दुखण्यावर असतो. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. अशा लेकरांसाठी जगातलं पहिलं घर, हेलन हाऊस, १९८२ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला निघालं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये कॅन्सरच्या शेवटच्या रोग्यांसाठी शांती आवेदना सदन सुरू झालं. आमच्या गल्लीपासून दोन्ही सारखीच लांब.

आणि मॉर्फिन? ते अफूपासून होतं. अफू याच देशात सरकारी परवान्यानं पिकते. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर हॉस्पिटलांना परवान्यामागं परवाने लागायला लागले. कायदा सैल झाला २०१४ ला. माझी भाची २१ वर्षं आधी कण्हत गेली.

मित्रांनो, बाबासाहेब-रमाईंची चार लेकरं गेली. राजरत्न १९२६ साली गेला. जयंतीला आपण हे सांगतो, डोळे पुसतो. अन् गल्लीत पोर कण्हतं तेव्हा "नशीब" म्हणतो? नशीब मानायचं तर धर्म कशाला बदलला?

जमीन मागा, शिष्यवृत्ती मागा. पण पुढच्या निवेदनात एक कलम वाढवा: जिल्ह्याच्या हॉस्पिटलात लेकरांसाठी मॉर्फिन हवं, घरी येणारी नर्स हवी, आईला उशाशी बसता येईल अशी खोली हवी.

ही भीक नाही. न कण्हता मरणं हासुद्धा माणसाचा हक्क आहे.