नाताळच्या सुटीतील मावळ

नाताळची सुटी आली की पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतून लोणावळ्याचा बेत ठरतो. मोटार निघते, एका दिवसात सहा स्थळे उरकली जातात, परतताना चिक्कीचे पुडे घेतले जातात. आणि आठ दिवसांनी मुलास काय पाहिलेस असे विचारावे, तर चिक्कीपलीकडे त्यास काही सांगता येत नाही. यात मुलाचा दोष नाही. त्यास बरोबर नेले खरे, परंतु त्या प्रवासात त्याचा असा वाटा काही ठेवलाच नव्हता. सारा जन्म मुलांना शिकविण्यात गेल्यामुळे आमचे असे मत बनले आहे की, ज्या कामास मुलाचा हात लागला नाही ते त्याच्या मनात ठरत नाही. सुटीही यास अपवाद नव्हे.

मुलांना वाटा द्यावयाचा तर मावळासारखा प्रांत नाही. सूर्य मावळतो तिकडचा तो मावळ, अशी या नावाची उपपत्ती आपण सांगतो. परंतु कार्ल्याच्या लेण्यांतील सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या प्राकृत लेखांत ‘मामाड’, ‘मामाल’ अशी नावे येतात, आणि ती याच प्रदेशाची होत असे विद्वान मानतात. पावसाळ्यात येथे धबधब्यांसाठी गर्दी लोटते व वाटा निसरड्या होतात. हिवाळ्यात वाट कोरडी, हवा निर्मळ आणि दूरवरचे डोंगर स्पष्ट. तेव्हा मुलांना घेऊन हिंडण्यास हाच ऋतू उत्तम.

आमची पहिली सूचना अशी की, एका दिवशी एकच स्थळ पाहावे. पुण्याहून लोणावळ्यास जाणाऱ्या लोकलने मळवलीस उतरले की लोहमार्गाच्या उत्तरेस कार्ले व दक्षिणेस भाजे. दोन्ही एकाच दिवशी पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. कार्ल्याच्या पायऱ्या चढून गेल्यावर लेण्याच्या दाराशीच एकवीरा देवीचे देऊळ लागते. दर्शन घेऊन चैत्यगृहात शिरावे. हे भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट. छताला लावलेल्या लाकडी कमानी मूळच्याच, म्हणजे दोन सहस्र वर्षांच्या आसपासच्या आहेत.

ही माहिती मुलांना आधी सांगूच नये. त्यांना खांब मोजावयास सांगावे. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा नक्षीदार खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली माणसे. आणि स्तूपामागे सात खांब अगदी साधे. ते साधे का राहिले असावेत, याचा तर्क मुलांनीच करावा. मग खांबांवरील अक्षरे दाखवावीत. हे लेणे कोणा एका राजाने बांधविले नाही. बऱ्याच खांबांवर तो खांब कोणी दिला हे कोरलेले आहे. त्यांत भिक्षू आहेत, स्वतःस यवन म्हणविणारे दाते आहेत. द्वाराजवळच्या लेखांत सुगंधी द्रव्ये विकणारा गांधी आहे, सुतारही आहे. त्या लेखांत ‘थभो’ हा शब्द येतो. संस्कृतातील ‘स्तंभ’ तोच हा, आणि आपले ‘थांबणे’ हे क्रियापदही त्याच कुळातले. ब्राह्मी लिपीतील ‘दानं’ ही दोन अक्षरे घरून निघण्यापूर्वी शिकवून ठेवावीत. ती दगडावर स्वतः ओळखली की मुलास जो आनंद होतो, तो कोणत्याही खेळण्याने होत नाही.

ज्याला जमला त्याने एकेक खांब दिला व त्यातून एवढे मंदिर उभे राहिले. एकत्र कुटुंबास यापेक्षा चांगला पाठ कोणता? सुटीही अशीच उभी करावी. गाड्यांच्या वेळा पाहणे एकाकडे, खर्चाचा हिशेब दुसऱ्याकडे, रोजची टिपणवही तिसऱ्याकडे, आजोबांची काठी व पाण्याची बाटली सर्वांत धाकट्याकडे. पण येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. पुष्कळ घरांत सहलीच्या दिवशी बायका पहाटे चारला उठून दशम्या आणि भाजी करतात, तेथे गेल्यावर वाढतात आणि परतल्यावर भांडी घासतात. ही त्यांची सुटी नव्हे, केवळ स्वयंपाकघराचे स्थलांतर होय. ज्या सुटीत आईला खांबाकडे मान वर करून पाहण्यास उसंत मिळत नाही, ती सुटी मुलांनाही नकळत वाईट धडा देते. भाकरी-पिठले गावातील एखाद्या घरी सांगून घ्यावे, किंवा पोळ्या बांधण्याचे काम पुरुषांनी व मुलांनी करावे. मावळ हा भाताचा मुलूख. वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला ‘इंद्रायणी’ तांदूळ येथलाच. तो पिकविणाऱ्याशी दोन शब्द बोलावेत.

दुसरा दिवस भाज्याचा. येथील चैत्यगृह कार्ल्याहून जुने, व त्याचे खांब आत कललेले. लाकडी बांधणीत भार पेलण्यासाठी खांब असे तिरपे रोवीत; दगडात त्याची गरज नसतानाही कारागिरांनी जुनी रीत राखली. तिसऱ्या दिवशी लोहगड. १६४८ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला, १६६५ साली पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि १६७० साली पुन्हा स्वराज्यात आला. २०२५ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली. ज्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांनी पायथ्याशी बसावे, आणि वर गेलेल्यांनी उतरल्यावर विंचूकाट्याचे वर्णन त्यांना करावे. ऐकणारा असला की पाहणाराही नीट पाहतो.

चौथ्या दिवशी वडगाव. रघुनाथरावांस पुण्यास आणून बसविण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजी फौज अशाच थंडीत घाट चढून मावळात आली होती. नाना फडणीस व महादजी शिंदे यांच्या सैन्याने तिला तळेगावापुढे सरकू दिले नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास कोंडून तिला तह करावयास लावले. मुलांनी नकाशावर बोट फिरवीत ही वाट शोधावी.

मुंबईची मंडळी परतताना आगगाडीने बोरघाट उतरतात. त्यांनी मुलांना खिडकीशी बसवून एवढे सांगावे की, हा लोहमार्ग १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली पुरा झाला. तो खोदताना रोगराईने व अपघातांनी हजारो मजूर दगावले. कार्ल्यास सुताराचे दानही दगडावर कोरून राहिले. या बोगद्यांच्या तोंडाशी मात्र त्या मजुरांपैकी कोणाचेच नाव नाही. मुलाने याचे कारण विचारले तर उत्तर देण्याची घाई करू नये. तो प्रश्न त्याने घरी न्यावा.

घरी आल्यावर जे वृद्ध किंवा आजारी मागे राहिले होते, त्यांच्यापुढे एका सायंकाळी टिपणवही वाचावी. ज्याने हिशेब ठेवला त्याने शिल्लक सांगावी, ज्याने खांब मोजले त्याने खांब सांगावेत. त्या वाचनाच्या वेळी भ्रमणध्वनी दूर ठेवावेत, मोठ्यांनी आधी. खर्च थोडा, दगदग बेताची, आणि पुढच्या डिसेंबरात कोठे जावयाचे याचा विचार मुले आपण होऊन करू लागतील. तोवर बेडसे आणि राजमाची त्यांच्यासाठी राखून ठेवावीत.