आधी गीतकाराचं नाव

रेडिओवर गाणं लागलं की आधी गीतकाराचं नाव ऐकायचं, मगच बोलायचं, असा आमच्या घरात दंडक होता. तो आजोबांनी घातलेला. त्यांना आम्ही सगळी भावंडं अण्णा म्हणायचो. अण्णा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साचेखात्यात होते. मागांच्या खडखडाटानं त्यांना पुढे कमी ऐकू यायचं, पण निवेदिकेनं संजीव हे नाव घेतलं की ते बरोबर टिपायचे आणि स्वयंपाकघरापर्यंत जाईल अशा आवाजात आजीला सांगायचे, "आपले दीक्षित की गं!"

संजीव म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित. जन्म १९१४ चा, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या वांगीचा. १९५५ च्या 'भाऊबीज' चित्रपटातलं सोन्याच्या ताटाचं ओवाळणीचं गाणं त्यांचं. संगीत वसंतकुमार मोहित्यांचं, आवाज आशाबाईंचा. आमच्या आत्याला मात्र ते चित्रपटातलं वाटतच नसे. पाटावर काका बसलेले, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता आणि आजीची अंगठी. आत्याचा आवाज घोगरा, पण सूर पक्का. काकांचा हात खिशात जाईपर्यंत तिचं शेवटचं कडवं संपायचं नाही, तबकही फिरतच राहायचं. आणि ते गाणं थांबू नये म्हणून काकाही मुद्दाम उशीर करायचे.

त्याच कवीची अत्तराच्या फायाची लावणी ती भाकरी थापताना म्हणायची, तीही घरात पुरुष माणूस नसताना. आम्ही पोरं तिथंच शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात बसलेलो असायचो, आम्हाला कोणी उठवायचं नाही. बहिणीची माया आणि लावणीतला लाडिक हट्ट, दोन्ही एकाच लेखणीतून इतक्या सहज उतरावं, असे गीतकार मराठीत थोडे. पुढे 'गझलगुलाब' हाती आलं तेव्हा कळलं की हा माणूस गझलही तितक्याच ओढीनं लिहीत होता. १९९५ साली ते गेले. त्यांचं नाव महाराष्ट्रानं जितकं घ्यायला हवं होतं तितकं घेतलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

काकांचं दैवत वेगळं, शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गाव बार्शी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग शाहीर. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानंच्या मैदानं गाण्यानं पेटवली. काकांनी त्यांना ऐकलं होतं. लाऊडस्पीकर बंद पडला तरी मागच्या रांगेला शब्द न् शब्द कळेल असा तो आवाज, हे सांगताना काका स्वतःच उभे राहायचे. ऑगस्ट १९६९ मध्ये इंदापूरजवळ अपघातात शाहीर गेले. पुण्याला जाताना इंदापूर आलं की काका एसटीत बोलायचे बंद व्हायचे.

राम जोशी आमच्यासाठी फार जुना, पेशवाईतला. शास्त्रीपंडितांच्या घरातला मुलगा तमाशाच्या फडात रमला, एवढंच मुलांना सांगितलं जाई. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'त जयराम शिलेदारांनी त्याचं काम केलं, गाणी माडगूळकरांची, संगीत वसंत देसायांचं. अण्णांना चित्रपट आवडला होता. पण सोलापूरच्या शाहिरासाठी गीतकार माणदेशातून आणावा लागला, हे त्यांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं.

आजीला गाणी येत नसत. तिला येई ती एक कविता, कवी कुंजविहारींची. फाशी जाणारा मुलगा आईला धीर देतो, पुन्हा तुझ्याच पोटी येईन म्हणतो. कुंजविहारी सोलापूरचेच. १२ जानेवारीला, म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिलं त्या तारखेला, ती देवापुढे बसून ती कविता पुटपुटायची. आम्हाला तेव्हा वेध गड्ड्याच्या जत्रेचे. पण तिचं होईतो बाहेर पडायची आमची हिंमत नव्हती.

आता आम्ही भावंडं पुण्या-हैदराबादला पांगलो. भाऊबीजेला पोरं मोबाईलवर तेच गाणं लावतात, पडद्यावर नाव येतं फक्त आशाबाईंचं. मग आमच्यातलं कोणीतरी, बहुधा थोरली अक्का, गाणं थांबवायला लावते आणि पोरांकडून वदवून घेते: शब्द संजीवांचे, गाव सोलापूर.