भेग जुळेपर्यंत

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा पाच फुटी फोटो बाबांनी भिंतीवर लावू दिला नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते फोटोच्या अगदी जवळ गेले आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "ही भेग अशी तुटत नाही रे. मी तिच्याशेजारी पालथा पडून खाली बघितलंय." तरुणपणी पायथ्याच्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने ते गडावर चढले होते. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून तर मी फोटोच्या मागे लागलो होतो.

त्यांचं बरोबर होतं. काठच्या कातळातली भेग दोन फोटोंच्या सांध्यावर बोटभर सरकली होती.

कॅमेरा हातात धरून, जागेवर वळत मी ते फोटो काढले होते आणि घरी 'हगिन'मध्ये जोडले होते. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाच्या 'पॅनोरमा टूल्स'वर ते उभं आहे. शेजारच्या दोन फोटोंत एकच दगड, एकच झुडूप कुठे कुठे आलंय ते हुडकून ते खुणेचे बिंदू धरतं आणि कुठला फोटो किती वळवायचा याचं गणित मांडतं. कुठल्या बिंदूत किती पिक्सेलची चूक उरली, तेही दाखवतं. तो तक्ता मी पुन्हा उघडला. लांबच्या डोंगररांगांवर चूक एका पिक्सेलच्या आत. भेगेवर मात्र ४०च्या घरात. मी भेगेवरचे बिंदू पुसून टाकले. सरासरी झकास उतरली. भेग तुटलेलीच राहिली.

दोन दिवस असाच झगडलो, मग चूक कळली. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा मिटला की बोट मागच्या भिंतीवर इकडचं तिकडे उडतं, तसंच इथे झालं होतं. मी वळलो तशी लेन्सही वीतभर सरकली. लांबच्या डोंगरांना त्याचा पत्ता लागत नाही, पायाजवळच्या कातळाला लागतो. सॉफ्टवेअर फोटो वळवेल, ताणेल; पण कॅमेरा जिथे नव्हताच तिथून काय दिसलं असतं, हे त्याला कुठून कळणार?

कॅमेरा लेन्सच्या आतल्या एका ठरावीक बिंदूभोवतीच फिरायला हवा. तो बिंदू मी गच्चीवर शोधला. कॅमेऱ्यापासून हातभरावर झाडूचा दांडा उभा बांधला, त्याच्या मागे लांबच्या टाकीचा पाइप बरोबर झाकला आणि कॅमेरा डावीउजवीकडे फिरवला. पाइप दांड्याआडून डोकावला की कॅमेरा खालच्या सरकत्या पट्टीवर थोडा मागे घ्यायचा, पुन्हा फिरवायचा. तासाभराने पाइप डोकावायचा थांबला. त्या जागी पट्टीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला.

डिसेंबरात पुन्हा गडावर गेलो. ३५ मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा, सात-सात फोटोंच्या दोन ओळी. प्रत्येक फोटोत शेजारच्याचा तिसरा हिस्सा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हाताने बांधून टाकलेलं, नाहीतर आभाळात पट्टे उठतात. एका फोटोत कोणाचा तरी अर्धा खांदा आला होता. त्यावर मास्क काढला, शेजारच्या फोटोने ती जागा भरली. सांधे 'एन्ब्लेंड' या सॉफ्टवेअरने मिटवले. आभाळाच्या रंगासारखा सावकाश बदल ते रुंद पट्ट्यात मिसळतं आणि गवताच्या पात्यासारखा बारकावा अगदी अरुंद पट्ट्यात, म्हणून पातं दोनदा दिसत नाही.

खरा वेळ गेला तो प्रक्षेपण, म्हणजे वळलेलं दृश्य सपाट कागदावर उतरवायची पद्धत, निवडण्यात. कोकणकडा आत वळलेला, वाटीसारखा. सिलिंड्रिकल प्रक्षेपणात ती वाटी उलगडून सपाट भिंत झाली. साध्या सरळ प्रक्षेपणात कडा टोकांना राक्षसासारखा ताणला गेला. शेवटी 'पनिनी' लावलं. अठराव्या शतकात रोमची चित्रं काढणाऱ्या पनिनी या चित्रकाराचं नाव त्याला आहे. उभ्या रेषा उभ्याच राहिल्या आणि मधली खोली परत आली. तिथे उभं राहिल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो मला याच फोटोत जाणवला.

१८,००० पिक्सेल रुंदीचा नवा प्रिंट मी जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबांनी आधी भेगेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोलले काहीच नाहीत. मग भिंग मागून घेतलं, खुर्ची ओढली आणि खाली कोकणात बेलपाड्याची घरं शोधायला लागले.