सगळं टाकून दिलंय

नव्वदच्या दशकाच्या शेवटी किंवा त्यानंतर चार-पाच वर्षांत ज्या मराठी घरांत पहिला कंप्युटर आला, त्या घरांत एक वाक्य हमखास उच्चारलं गेलं आहे. असेंबल केलेलं मशीन हॉलमधल्या टेबलावर मांडून, वायरी जोडून, आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावेपर्यंत सोफ्यावर टेकलेला तो कंप्युटरवाला मुलगा चहाचा कप खाली ठेवत म्हणायचा, "काका, सगळं टाकून दिलंय."

या 'सगळं'मध्ये विंडोज 98 होतं, ऑफिस होतं, गाण्यांसाठी विनॲम्प होतं, घरात कुणालाच न येणारं फोटोशॉप होतं आणि मुलांसाठी गाड्यांच्या शर्यतीचा एखादा गेम. बिल पाहावं तर त्यावर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कीबोर्ड, अगदी माऊसपॅडसुद्धा. 'सगळं' मात्र कुठेच नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुकानामागून दुकान पालथं घालून मॉनिटरच्या किमतीत घासाघीस करणाऱ्या वडिलांनीही त्याबद्दल विचारलं नाही. फुकट मिळालं म्हणून गप्प बसले असं नव्हे. ही वेगळी विकत घ्यायची वस्तू असते, हेच कुणाच्या गावी नव्हतं.

लायसन्स म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं, असंही नाही. याच वडिलांनी तरुणपणी पोस्टात रांग लावून दरवर्षी रेडिओचं लायसन्स भरलं होतं. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं, तरी ती पुस्तिका कपाटातल्या फायलीत जपलेली असायची. सायकलचा बिल्लाही वेळच्या वेळी घेतलेला. पण ते सरकारचं होतं, विचारायला माणूस येण्याची धास्ती होती. कंप्युटरच्या आत काय आहे हे बघायला कोण येणार?

आमच्याकडे सीडींचं एक पाऊच असायचं. त्यातल्या चकत्यांवर निळ्या मार्करने नाव आणि खाली किल्ली लिहिलेली. पाच-पाच अक्षरांचे पाच गट. विंडोज एक्सपी ऑक्टोबर 2001 मध्ये आलं आणि त्याबरोबर ॲक्टिव्हेशन नावाची भानगड आली. किल्ली टाकून भागेना, कंपनीकडे नोंद करावी लागे. पण मोठ्या संस्थांना शेकडो मशिनांसाठी एकगठ्ठा परवाना मिळे, त्याच्या किल्लीला ही अट नव्हती. तशी एक किल्ली फुटली आणि जगभर फिरली. आमच्या वर्गात ती तोंडपाठ असलेली मुलं होती, ज्यांना सतराचा पाढा येत नव्हता. पुढे कंपनीने सर्व्हिस पॅकमध्ये ती किल्ली अडवली, तर गल्लीत दुसरी आली. 2008 च्या सुमाराला असं विंडोज तासातासाला पडद्यावरचं चित्र पुसून काळं करायला लागलं. घरच्यांना वाटलं मॉनिटर गेला.

हे सगळं आठवताना हसू येतं. पण त्या पिढीत लायसन्सचे पैसे कुणीच मोजले नाहीत, असं जे सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. पैसे भरणारी माणसं होती. ती त्याच घरांत, बऱ्याचदा त्याच टेबलाशी बसलेली होती.

आमच्या ओळखीतल्या एक काकू घरी डीटीपीची कामं घेत. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, कुणाचा तरी पीएचडीचा प्रबंध. पानं मांडायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. तिच्याबरोबर काडेपेटीएवढा एक डोंगल यायचा, तो कंप्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर. डोंगल नसेल तर सॉफ्टवेअर उघडून उपयोग नाही. काकू काम संपलं की तो काढून स्टीलच्या डबीत ठेवत आणि डबी गोदरेजच्या कपाटात, मंगळसूत्राच्या शेजारी. विम्याची पॉलिसीही त्याच खणात असे. मुलांना त्या कपाटाला हात लावायची परवानगी नव्हती. कुणी म्हणालं, क्रॅक मिळतो की, तर त्या म्हणत, "सीझनमध्ये बंद पडलं तर पत्रिका तू हाताने लिहून देणारेस का?" नीतीचा प्रश्न त्यांनी कधी काढला नाही. ज्याच्यावर घरखर्चातला काही भाग चालतो, ते भरवशाचं हवं, एवढंच.

दुसरे होते अकाउंट्स लिहिणारे काका. दिवसा नोकरी, संध्याकाळी चार दुकानांची वह्या-पुस्तकं. टॅली शिकून घेण्यापुरतं फुकट चालवता यायचं, 'एज्युकेशनल मोड'मध्ये. त्यात एक गंमत होती: महिन्याची पहिली, दुसरी आणि एकतीस, एवढ्याच तारखांना नोंद करता येई. आमच्या पिढीतल्या कॉमर्सच्या मुलामुलींनी टॅलीच्या क्लासमध्ये केलेली सगळी खरेदी-विक्री या तीन तारखांना झाली आहे. शिकायला हे पुरतं, दुकानाला नाही. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 पासून व्हॅट आला आणि किराणा दुकानदारांनाही खरी प्रत घ्यावीशी वाटू लागली. एका मशिनची सिल्व्हर, दुकानातल्या सगळ्या मशिनांना चालणारी गोल्ड. एकदा घेतली की कायमची, मात्र नव्या सुधारणा हव्या असतील तर वर्षाची वेगळी वर्गणी. कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा काकांनी हा हिशेब दुकानदारांना जास्त सोपा करून सांगितला असेल.

आणि तिसरा खर्च अँटिव्हायरसचा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांचं क्विक हील बऱ्याच मराठी घरांत लायसन्सची पहिली पावती घेऊन आलं. एका मशिनला एक वर्ष. मुदत संपत आली की कोपऱ्यातून आठवण. वडील कुरकुरत, पण भरत. विंडोज चोरीचं आणि त्याची राखण विकतची, ही विसंगती तेव्हा कुणालाच खटकली नाही.

मला आता वाटतं, अडचण पैशांइतकीच त्या हॉलमधल्या टेबलाची होती. कंप्युटर एक आणि त्याच्याशी बसणारी माणसं वेगवेगळी. दुपारी काकूंच्या पत्रिका, संध्याकाळी मुलांचा एमएस-सीआयटीचा सराव, रात्री वडिलांचा सोसायटीचा हिशेब. आणि लायसन्स नेमकं हेच विचारतं, की तुम्ही घरगुती आहात की धंदेवाले? ऑफिस 2007 ची 'होम अँड स्टुडंट' आवृत्ती बऱ्यापैकी स्वस्त होती, घरातल्या तीन मशिनांवर टाकता येई, पण खिडकीच्या माथ्यावर कायम लिहिलेलं असे: 'नॉन-कमर्शियल यूज'. म्हणजे काकूंचं बिल त्यावर करायचं नाही. ना-नफा संस्थेच्या कामालाही ती चालत नसे. म्हणजे सेक्रेटरी म्हणून रात्री जागून केलेला सोसायटीचा ताळेबंदही आला का त्यात? हा प्रश्न आमच्या वडिलांना पडला असता, तर त्यांनी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला असता.

कायदाही हाच भेद करतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पण नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि दंड पन्नास हजारांपर्यंत ठेवू शकतं. हॉलमधल्या त्या एका मशिनला नेमकं काय लागू झालं असतं, हे दिवसाची वेळ बघून ठरवावं लागलं असतं.

फुकट आणि तरीही कायदेशीर असं काही असतं, हे आमच्यापैकी पुष्कळांना पोस्टमनने शिकवलं. विंडोजच्या जागी चालणाऱ्या उबुंटूची सीडी 2005 च्या आसपास मागणी नोंदवली की उबुंटूवाले घरी पाठवत, टपालखर्चही न घेता. परदेशी तिकिटांचं पाकीट बघून आईने विचारलं होतं, "किती पैसे द्यायचेत?" काही नाही म्हटल्यावर तिने ते संशयाने उलटसुलट करून पाहिलं. वाटा, बदला, पण पुढे देताना तोच हक्क पुढच्यालाही द्या, ही अशा खुल्या सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याची अट तिला सांगितली असती तर वाणाची तऱ्हा म्हणून लगेच पटली असती. आम्ही उबुंटू कंप्युटरवर टाकलं, मोडेम चालला नाही, पुन्हा एक्सपीवर आलो. त्याच काळात विनरार दर वेळी सांगे की चाळीस दिवस संपले, आता विकत घ्या. आणि उघडत राही. त्याला कुणी पैसे दिले आहेत का, हा अजून मित्रमंडळीतल्या चेष्टेचा विषय आहे.

मग लॅपटॉप आले आणि तो कंप्युटरवाला मुलगा घरी येईनासा झाला. विंडोज मशिनमध्येच भरून आलं, आधी तळाशी स्टिकर, नंतर तोही गेला आणि किल्ली थेट मदरबोर्डवर गोंदलेली. अशी ओईएम प्रत मशिनबरोबर येते आणि मशिनबरोबरच जाते. लॅपटॉप भंगारात दिला की किल्ली दुसरीकडे नेता येत नाही, सुटी घेतलेली रिटेल प्रत नेता येते. हा फरक बहुतेकांना दुसरा लॅपटॉप घेताना कळला. 2013 मध्ये अडोबीने नव्या आवृत्त्या डब्यात विकणं बंद केलं आणि वर्गणीचा काळ सुरू झाला. पागडी आणि अकरा महिन्यांचा करार यांतला फरक झोपेतही सांगू शकणाऱ्या आमच्या वडिलांना हे समजावणं सगळ्यात सोपं गेलं. "म्हणजे मालकी कधीच नाही," ते म्हणाले, आणि डायरीत भरायची तारीख लिहून ठेवली.

आता घरोघर चित्र निराळं आहे. बाणेरला किंवा न्यू जर्सीला असलेला मुलगा मायक्रोसॉफ्ट 365 ची फॅमिली वर्गणी घेतो आणि सहा जणांत आई-बाबांना, झालंच तर सासू-सासऱ्यांना बसवतो. सोसायटीचा हिशेब लिब्रेऑफिसवर गेला, कारण ते घरातही चालतं, संस्थेलाही चालतं आणि टेबलाशी कोण बसलंय हे विचारत नाही. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' किंवा 'बालू' खुल्या परवान्यात मिळतो, पत्रिकेतही छापा नि दुकानाच्या पाटीवरही. छोटा धंदा करणारा कुणी विचारायला आला तर मी एवढंच सांगते, की ज्याच्यावर बिल फाडता त्याचं लायसन्स धंद्याच्या नावावर घ्या, पावती जपा, आणि बाकीच्यासाठी आधी खुलं काय मिळतं ते बघा.

काकूंनी डीटीपी बंद करून बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी एक भजनी मंडळ त्यांच्याकडे आलं, पंचवीस वर्षांपूर्वीची पदांची पुस्तिका पुन्हा छापायची होती. फाइल सीडीवर होती, डोंगल डबीत होता. पण आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही, पेजमेकरची फाइल नवं इनडिझाइन उघडत नाही, आणि उघडली असती तरी त्यातली अक्षरं युनिकोडच्या आधीची. मंडळाचे अध्यक्ष हळहळले. काकू मुळीच हळहळल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी जुनी छापील प्रत चाळली आणि म्हणाल्या, "टाइप करून देते पुन्हा. पानाला चाळीस रुपये. प्रूफं तुमची तुम्ही तपासायची."